'भारी आहे' म्हणजे नक्की काय?

कट्ट्यावर कुणी विचारलं, 'सध्या काय वाचतोयस?' की आपलं उत्तर ठरलेलं असतं. पुस्तकाचं नाव सांगायचं आणि पुढे 'भारी आहे' जोडायचं. विषय संपला! पण दोस्तांनो, हा नुसता शेरा झाला. काय आवडलं, कुठे कंटाळा आला, हे सांगाल तेव्हा खरी मजा.

'कोसला'चंच घ्या ना. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते. पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, परीक्षा यांत गुरफटतो आणि शेवटी रिकाम्या हातांनी गावी परततो. घर सोडून हॉस्टेलवर राहणाऱ्या एखाद्याला ती आपलीच डायरी वाटेल. त्याचाच रूममेट म्हणेल, 'काय नुसती रडारड!' दोघांचंही पटू शकतं. फक्त कारण सांगता आलं पाहिजे.

गाजलेलं पुस्तक आवडलं नाही, असं म्हणायला आपण कचरतो. आपल्याला कळलंच नाही असं लोकांना वाटलं तर? मग न आवडलेल्या पुस्तकाचंही कौतुक करून मोकळे होतो आणि ऐकणाऱ्याला ते उचलावंसंही वाटत नाही. उलट दोघं जण एखाद्या पुस्तकावरून तावातावाने भांडत असतील, तर तिसऱ्याला ते चाळून बघायचा मोह होतोच.

पन्नासाव्या पानावर अडकलात? तेही सांगा. आणि सध्या काहीच वाचत नसाल, तर समोरच्याला विचारा, 'का आवडलं रे?'