विश्लेषण : सही आहे म्हणून तलवार खरी? जुन्या जपानी तलवारींची पारख होते तरी कशी?

लिलावाच्या संकेतस्थळांवर ‘अस्सल सामुराई तलवार, कारागिराच्या सहीसह’ अशा जाहिराती सतत दिसतात. नवख्या संग्राहकाला वाटते की सही सापडली म्हणजे निम्मे काम झाले. जपानी तलवारींच्या बाबतीत मात्र हिशेब जवळपास उलटा आहे. तिथे सही म्हणजे पुरावा नव्हे, केवळ दावा. आणि तो बहुतेक वेळा खोटा ठरण्याची तयारी ठेवूनच तपासायचा असतो. दुसरीकडे, २०२० मध्ये जपानच्या ओकायामा प्रांतातील सेतोउची या छोट्या शहराने लोकवर्गणी जमवून ‘सांचोमो’ ही तलवार ५० कोटी येनला विकत घेतली. ती जपानचा ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे आणि तिच्यावर कोणाचीही सही नाही. मग ती कोणत्या परंपरेतील, हे ठरले कशावरून?

मुळात ‘अस्सल’ कशाला म्हणायचे?

बाजारात सामुराई तलवार म्हणून तीन प्रकारच्या वस्तू फिरतात. पहिली, पारंपरिक पद्धतीने घडवलेली. दुसरी, विसाव्या शतकात जपानी लष्करासाठी कारखान्यात निघालेली. तिसरी, गेल्या काही दशकांत पर्यटकांसाठी किंवा थेट फसवणुकीसाठी केलेली नक्कल. संग्राहक ज्याला खऱ्या अर्थाने जपानी तलवार, म्हणजे ‘निहोन्तो’ म्हणतात, ती फक्त पहिली.

लोहवाळू आणि कोळसा भट्टीत घालून काढलेले ‘तामाहागाने’ हे पोलाद घडी घालून पुन्हा पुन्हा ठोकले जाते. मग पात्याला मातीचा लेप देतात. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. लाल तापलेले पाते पाण्यात बुडवले की धारेकडचा भाग झटक्यात थंड होऊन अतिशय कठीण होतो, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. कठीण झालेल्या पोलादाचे आकारमान किंचित वाढते आणि पाते मागे वाकते. या तलवारीचा बाक असा पाण्यात पक्का होतो, तो केवळ हातोडीने आणलेला नसतो. मराठीत आपण धारेला ‘पाणी देणे’ म्हणतो, ते इथे अक्षरशः डोळ्यांना दिसते. कठीण आणि मऊ पोलादाच्या सीमेवर धुक्यासारखी पांढुरकी रेषा उमटते. तिला ‘हामोन’ म्हणतात. सगळी पारख पुढे या रेषेपाशी येऊन थांबते.

मुठीच्या आत काय दडलेले असते?

मूठ बांबूच्या एका खुंटीवर अडकवलेली असते. खुंटी काढली की पात्याचा मुठीत जाणारा शेपटाचा भाग, ‘नाकागो’, बाहेर येतो. सही इथेच कोरतात. पण जाणकार सहीकडे शेवटी पाहतो. त्याआधी तो गंज पाहतो.

शेकडो वर्षांचा गंज काळसर तपकिरी, घट्ट आणि तुळतुळीत असतो. बोटाला लागत नाही. अलीकडे आम्लाने किंवा मिठाने आणलेला गंज तांबूस, भुसभुशीत. त्यानंतर कानशीच्या खुणा. त्या आडव्या की तिरप्या, कोणत्या बाजूला झुकलेल्या, यावरून घराणे कळते. मग खुंटीची भोके. एकापेक्षा जास्त भोके असतील तर तलवारीची मूठ कधी तरी बदलली, किंवा तलवार आखूड केली गेली. आणि मग सही. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतला गंज आजूबाजूच्या गंजाशी एकजीव असायला हवा. जुन्या गंजावर ताजी छिन्नी चालली असेल तर ते भिंगाखाली लपत नाही.

म्हणूनच या छंदातला सर्वांत महागडा अपघात तारेच्या ब्रशने होतो. आजोबांच्या पेटीतून निघालेली तलवार ‘स्वच्छ’ करायला कोणी बसतो, नाकागो घासून चकचकीत करतो, आणि वय सांगणारा पुरावा पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. तो परत आणता येत नाही. पात्यावर सँडपेपर चालवला तर हामोनही दिसेनासा होतो. जपानी शिकलगार वेगवेगळ्या दगडांवर पाते आठवडेच्या आठवडे घासतो तेव्हा कुठे ती रेषा पुन्हा उमटते; पण प्रत्येक वेळी थोडे पोलाद कायमचे जाते. काही तलवारी इतक्या वेळा घासल्या गेल्या आहेत की वरचे कातडे संपून आतले मऊ पोलाद दिसू लागले आहे.

खोट्या सह्या इतक्या का?

खोट्या सहीला ‘गिमेई’ म्हणतात आणि हा प्रकार इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. सामुराई समाजात तलवार ही भेट देण्याची वस्तू होती. मोठ्या नावाची मागणी मोठी, खरा माल थोडा. मग चांगल्या पण अनामिक पात्यावर नावाजलेली सही कोरणारे हात तयार झाले. सतराव्या शतकातील एदोचा कारागीर कोतेत्सु याच्या नावाची इतकी नक्कल झाली की ‘कोतेत्सु दिसला की खोटा समजा’ असे म्हणायची पद्धत पडली. सर्वांत प्रसिद्ध नाव मासामुने. पण तो सही क्वचितच करत असे. त्यामुळे ठसठशीत ‘मासामुने’ लिहिलेली तलवार समोर आली की जाणकाराचा पहिला संशय त्या सहीवरच जातो.

खरी सही असूनही फार काही हाती लागत नाही, असेही होते. बिझेन प्रांतातील ओसाफुने येथे ‘सुकेसादा’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या अनेक कारागिरांनी वापरले. सोळाव्या शतकातील युद्धांच्या धामधुमीत तिथे घाऊक माल निघाला. तेव्हा ‘सुकेसादा’ एवढेच वाचून उपयोग नाही. कोणता सुकेसादा, आणि मागणीवरून केलेली तलवार की ढिगातली, हे पोलादच सांगते.

यातला खरा पेच पुढे आहे. तज्ज्ञ समितीने सही खोटी ठरवली तर प्रमाणपत्र मिळत नाही. पाते उत्तम असते, पण गळ्यात खोटे नाव. मग काही मालक सही घासून काढतात आणि तीच तलवार ‘बेसही’ म्हणून पुन्हा पाठवतात. या वेळी ती मान्य होऊ शकते. हा व्यवहार रूढ आहे आणि तो नियमबाह्यही नाही. पण एकाद्या कारागिराची तरुणपणाची सही उतारवयातल्या सहीहून वेगळी असते, आणि नवा संदर्भ सापडला की जुने मत बदलते. तोवर सही घासून गेलेली असेल तर? घाईने सही पुसणारा संग्राहक स्वतःच्या तलवारीची किंमत वाढवताना इतिहासाचा एक कागद फाडत असण्याची शक्यता राहतेच.

सहीच नसेल तर नाव कसे ठरते?

चौदाव्या शतकापर्यंतच्या लांब तलवारी पुढे पायदळाच्या सोयीसाठी आखूड केल्या गेल्या. त्या खालच्या टोकाकडून कापल्या जात, त्यामुळे सहीही जात असे. अशा पात्याची ओळख तीन गोष्टींवर ठरते : आकार, पोलादाचा पोत आणि हामोन. बाक मुठीजवळ आहे की मध्यावर, यावरून कालखंडाचा अंदाज येतो. घड्या घातल्याने पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखा पोत येतो, तो घराण्यानुसार बदलतो. हामोनमध्ये नुसत्या डोळ्यांना दिसणारे चमकते कण असतील तर कल एका परंपरेकडे, नुसते धुके असेल तर दुसरीकडे. यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच परंपरा प्रमुख मानतात.

या विद्येचा सराव जपानमध्ये चक्क खेळासारखा होतो. नाकागो झाकून काही तलवारी मांडतात. जमलेले अभ्यासक प्रत्येक पाते प्रकाशात तिरके धरून पाहतात आणि चिठ्ठीवर कारागिराचे नाव लिहितात. अचूक नाव असेल तर ‘आतारी’. त्याच गटातला जवळचा कारागीर लिहिला तर ‘दोझेन’, म्हणजे जवळपास बरोबर. पुस्तके वाचून ही नजर येत नाही. खऱ्या तलवारी हातात घेऊनच येते, आणि जपानबाहेरच्या हौशी संग्राहकाची मुख्य अडचण तीच आहे.

लष्करी तलवारी कशा ओळखायच्या?

हे तुलनेने सोपे. १९३५ च्या नमुन्याच्या, बिगर-कमिशन अधिकाऱ्यांच्या तलवारी यंत्रावर बनत आणि त्यांच्या पात्यावर अनुक्रमांक असतो. अधिकाऱ्यांच्या तलवारींच्या नाकागोवर ‘सेकी’ किंवा ‘शो’ हा शिक्का दिसला तर पाते बहुधा अपारंपरिक, बऱ्याचदा तेलात थंड केलेले. मात्र लष्करी म्यान-मूठ पाहून तलवार बाजूला टाकणे ही चूक ठरू शकते. अनेक अधिकाऱ्यांनी घरातली जुनी पाती नव्या लष्करी मुठीत बसवून युद्धावर नेली होती.

कागद कोणता खरा?

‘ओरिगामी’ शब्द आपल्याला कागदी पक्ष्यांमुळे माहीत आहे. तलवारीच्या जगात ओरिगामी म्हणजे होनामी घराण्याने घडीच्या कागदावर दिलेले पारखपत्र. आज हे काम मुख्यतः १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानी कलात्मक तलवार जतन संस्था करते. ‘होझोन’, ‘तोकुबेत्सु होझोन’, ‘जुयो’ आणि ‘तोकुबेत्सु जुयो’ अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत.

गफलत होते ती दुसऱ्याच कागदाने. जपानमध्ये प्रत्येक पारंपरिक तलवारीची प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदणी असते. या नोंदणीपत्रात लांबी, बाक, भोकांची संख्या आणि दिसते ती सही एवढेच लिहिलेले असते. सही खरी आहे, असे ते कुठेही म्हणत नाही. विक्रेता मात्र तेच ‘सरकारी प्रमाणपत्र’ म्हणून पुढे करतो.

जपानबाहेर इतक्या तलवारी कशा गेल्या?

१९४५ मध्ये शरणागतीनंतर दोस्त सैन्याने तलवारी जमा करण्याचा हुकूम काढला. असंख्य नष्ट झाल्या, असंख्य सैनिकांच्या सामानातून परदेशी गेल्या. तोकुगावा घराण्याची ‘होंजो मासामुने’ ही राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा असलेली तलवार त्या वर्षाअखेर तोक्योतील मेजिरो पोलीस ठाण्यात जमा झाली आणि नंतर एका अमेरिकी सैनिकाकडे दिल्याचे सांगितले जाते. तिचा पत्ता आजवर लागलेला नाही. तीही बेसही आहे.

उलट घडल्याचे उदाहरणही आहे. अमेरिकी उद्योजक आणि संग्राहक वॉल्टर कॉम्प्टन यांच्या हाती आलेली कुनिमुने या कारागिराची तलवार कागोशिमाच्या तेरुकुनी मंदिरातून युद्धानंतर गहाळ झालेला राष्ट्रीय ठेवा निघाली. त्यांनी ती १९६३ मध्ये मोबदला न घेता परत केली. त्यांच्या नजरेला पाते वाचता येत होते, म्हणून हे झाले.

भारतात नियम काय?

ब्रह्मदेश आणि मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी भारतीय लष्कराच्या तुकड्यांकडेही सोपवल्या होत्या. ब्रह्मदेश आघाडीवर मराठा पलटणीही होत्या. त्यामुळे एखाद्या जुन्या लष्करी घरात अशी तलवार निघणे अशक्य नाही.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये तलवारीचा उल्लेख नावानिशी आहे. केंद्राने अधिसूचित केलेल्या भागांत शस्त्र कायद्याच्या कलम ४ नुसार अशा शस्त्रांना परवाना लागतो. परदेशातून शस्त्र मागवायचे तर कलम १० खाली आयात परवान्याचा प्रश्न येतो. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत. तलवार सापडल्यास आधी स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारणा करावी, मुठीची खुंटी नंतर काढावी. पात्याला उघडी बोटे लावू नयेत. घामाने गंज चढतो. कोरड्या मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. जपानात त्यासाठी लवंगेच्या वासाचे तेल वापरतात. नाकागोला मात्र काहीही लावू नये.