जाहिरातीला घर कसे कळते?

गेल्या पावसाळ्यात वाशिम जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेतील बाईंनी आम्हाला एक प्रसंग सांगितला. त्यांच्या नववीतील एका मुलीच्या घरी एकच स्मार्टफोन आहे, तोही वडिलांचा. दिवसभर तो वडिलांबरोबर शेतात असतो. संध्याकाळी घरी आला की आधी धाकटा भाऊ कार्टून पाहतो आणि उरलेल्या वेळात मुलीचा अभ्यास. पाळीच्या दिवसांत मुलीचे पोट फार दुखे. एका संध्याकाळी तिने एका खरेदीच्या संकेतस्थळावर सॅनिटरी पॅड आणि पोट शेकण्याची रबरी पिशवी यांच्या किमती पाहिल्या. विकत काहीच घेतले नाही. फोन होता तिथे ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी वडील पारावर चार माणसांत बसून सोयाबीनचे भाव पाहत होते. भावांच्या तक्त्याखाली तीच पिशवी आणि तेच पॅड! वडील काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मुलीने अभ्यासालाही तो फोन हातात घेणे सोडले. "फोन चुगल्या करतो," एवढेच ती बाईंना म्हणाली.

बाईंचा प्रश्न सरळ होता. खरेदी एका ठिकाणची, बाजारभाव दुसऱ्या ठिकाणचे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. मग एकीकडची गोष्ट दुसरीकडे गेली कशी?

विसराळू सर्व्हर

आपण एखादे पान उघडतो तेव्हा आपला फोन दूरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी पाठवतो. सर्व्हर पान पाठवतो आणि आपल्याला विसरून जातो. मूळ व्यवस्थाच तशी आहे. प्रत्येक मागणी त्याच्या दृष्टीने नवी असते. वाचनापुरते हे ठीक, पण दुकानदारीला अडचणीचे. गिऱ्हाइकाने टोपलीत साबण टाकला आणि पुढच्या पानावर गेला, की दुकानदार पुन्हा विचारणार, "आपण कोण?"

ही अडचण १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने सोडवली. सर्व्हरने पानाबरोबर एक छोटीशी चिठ्ठी पाठवायची, फोनातील ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्या सर्व्हरकडे पुन्हा जाताना प्रत्येक वेळी दाखवायची. या चिठ्ठीलाच 'कुकी' म्हणतात. सरकारी दवाखान्यातला केसपेपर आठवावा. डॉक्टरांना आपण आठवत नाही, पण आपण बरोबर नेलेल्या कागदावरच्या नंबरावरून मागचे सगळे कळते. शिवाय नियम असा, की ज्याने चिठ्ठी दिली त्यालाच ती वाचता येते. दवाखान्याचा कागद बँकेत दाखवला जात नाही. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नसावी.

गोम पुढे आहे. आपल्याला एकसंध दिसणारे पान खरे तर एका ठिकाणाहून आलेले नसते. भावांचा तक्ता एका सर्व्हरवरून येतो, छायाचित्र दुसऱ्या, आणि जाहिरातीची चौकट तिसऱ्याच कंपनीच्या. ती चौकट भरण्यासाठी आपला ब्राउझर त्या तिसऱ्या कंपनीकडेही मागणी पाठवतो, आणि तीही आपली चिठ्ठी फोनात ठेवते. हीच कंपनी खरेदीच्या संकेतस्थळावरही हजर असते. कधी चौकटीच्या रूपाने, तर कधी एका ठिपक्याएवढ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चित्राच्या रूपाने.

आठवडी बाजारात कापडवाला आपल्याला ओळखतो, भाजीवालीही ओळखते. पण आपण भाजी किती घेतली हे कापडवाल्याला ठाऊक नसते. आता असे समजा, की प्रत्येक पालाच्या कडेला एकाच मालकाचा एकेक पोऱ्या उभा आहे. पहिल्या पालापाशी पोऱ्याने आपल्या पिशवीला ४१७ नंबरचा बिल्ला लावला. पुढच्या प्रत्येक पालापाशी दुसरा पोऱ्या नुसता नंबर पाहतो आणि वहीत लिहितो : ४१७ ने बांगड्या पाहिल्या, ४१७ औषधाच्या दुकानापाशी थांबला. संध्याकाळी सगळ्या वह्या मालकाकडे जमा होतात. मालकाला आपले नाव माहीत नाही. पण ४१७ ला काय हवे आहे, हे त्याला आपल्या घरच्यांपेक्षा अधिक माहीत असते.

ॲपल कंपनीच्या सफारी ब्राउझरने अशा तिऱ्हाइताच्या चिठ्ठ्या २०२० पासून सरसकट बंद केल्या. गूगलनेही त्याच वर्षी क्रोममधून त्या काढून टाकण्याचे जाहीर केले होते. २०२४ मध्ये मात्र हा बेत बदलला. गूगलचे मोठे उत्पन्न जाहिरातींतून येते, हे लक्षात घेतले म्हणजे फारसे आश्चर्य वाटत नाही.

ब्राउझर सोडून ॲप वापरले तरी सुटका नाही. अँड्रॉइड फोनात जाहिरातींसाठी म्हणून एक ३२ अंक-अक्षरांचा क्रमांक असतो आणि फोनातील निरनिराळी ॲप तो वाचू शकतात. बिल्लाच तो, फक्त पिशवीला न लावता कातडीला लावलेला.

आपला हर्रास

वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास कसा होतो, हे मुलांना सांगायला नको. ढीग समोर असतो, व्यापारी मूठभर दाणे हातात घेतात, ओलावा पाहतात, बोली लावतात. जाहिरातींच्या चौकटीचाही असाच हर्रास होतो. आपण पान उघडले, की चौकट रिकामी असते. त्या क्षणी अनेक बोली लावणाऱ्यांना एकदम कळवले जाते : अमुक नंबरचा फोन, अमुक बनावटीचा, साधारण या भागातला, हे पान वाचतो आहे. संगणकच बोली लावतात, सर्वांत चढी बोली जिंकते आणि जाहिरात झळकते. बोली लावायला मुदत असते सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाची. पापणी लवायला बहुधा याहून जास्त वेळ लागतो.

एक फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. बाजार समितीत हरलेला व्यापारी रिकाम्या हाताने परततो. इथे हरलेल्यांनाही ढिगाची माहिती मिळालेली असते. तिचे ते पुढे काय करतात, हे ढिगाला कळण्याचा मार्ग नाही.

फोन ऐकतो का?

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणते, "मी नुसता बोललो, टाइपसुद्धा केले नव्हते, तरी जाहिरात आली!" अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, चोरून बोलणे ऐकून बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही. काही ॲप मात्र पडद्यावर काय चालले आहे त्याची चित्रे तिऱ्हाइताकडे पाठवताना सापडली, आणि तिकडे कोणाचा संशयही गेला नव्हता.

मग बोललेले कळते कसे? ज्याच्याशी आपण बोललो त्याने कदाचित ते शोधलेले असते, आणि दोघांचे फोन एकाच वायफायवर असतात. शिवाय दिवसभरात दिसणाऱ्या असंख्य जाहिरातींपैकी आपण जुळणारी एकच लक्षात ठेवतो. भविष्य खरे ठरल्याचे किस्से याच वाटेने तयार होतात. ऐकण्याची गरज न पडता इतके अचूक सांगता येते, ही गोष्ट आम्हाला ऐकण्यापेक्षाही अधिक विचार करण्याजोगी वाटते.

नाव नाही, म्हणून काय झाले?

"आम्ही नाव साठवत नाही, फक्त नंबर," असे कंपन्या सांगतात. ते खरे असले तरी त्याने किती संरक्षण मिळते, हे फळ्यावर गणित करून पाहता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०. तालुके सहा, म्हणजे सरासरी एका तालुक्यात सुमारे दोन लाख माणसे. स्त्री की पुरुष हे कळले, की उरली एक लाख. आता जन्मतारीख घ्या. सत्तर वर्षांच्या अवधीत जन्मतारखा होतात ७० × ३६५, म्हणजे २५,५५०. एक लाखाला याने भागले की उत्तर येते चार. तालुका, लिंग आणि जन्मतारीख या तीन साध्या गोष्टींवरून बारा लाखांतून आपण चार माणसांपर्यंत पोचलो. गावाचे नाव कळले तर बहुधा एकच उरेल.

हे गणित ढोबळ आहे. सगळ्या वयांची माणसे सारखी नसतात. आणि आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. जुन्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. ही माणसे जन्मतारखेवरून शोधणे कठीण. त्यांच्या खाजगीपणाची एवढी काळजी आपण घेतो आहोत, हे गुरुजींच्या गावीही नसेल!

पण फोनाकडे जन्मतारखेहून मोठा पुरावा आहे, तो म्हणजे ठावठिकाणा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी नावे काढून तपासल्या. कोणत्या वेळी कोठे होता अशा केवळ चार नोंदी मिळाल्या, तरी ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता आली. आपल्यापैकी एखाद्या शिक्षकाचेच उदाहरण घ्या. रात्री वाशिम, सकाळी अकरा वाजता मालेगाव तालुक्यातील एक खेडे, शनिवारी दुपारी कारंजा, रविवारी सासुरवाडी. या चारही ठिकाणी त्या त्या वेळी असणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही.

एका फोनात चार माणसे

हे सारे शास्त्र ज्या समाजात वाढले, तिथे एक फोन म्हणजे एक माणूस हे गृहीत धरलेले असते. आपल्या खेड्यापाड्यांत एक फोन म्हणजे एक घर. वडिलांचे सोयाबीन, आईची शिलाई, मुलीचे दुखणे आणि धाकट्याचे कार्टून यांची मिळून वहीत एकच नोंद होते. जाहिरात देणाऱ्याच्या दृष्टीने ती किंचित वेडगळ आवडींची एक प्रौढ व्यक्ती असते. परिणाम दुहेरी होतो. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे येते, आणि फोन हातात असलेले मूल हिशेबात मूल राहतच नाही.

यातून होणारे नुकसान नेहमी संकोचापुरते नसते. खरिपाच्या तोंडावर पीककर्जाची चौकशी करणाऱ्या फोनावर झटपट कर्जाच्या जाहिराती येऊ लागतात. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवले, की त्या वर्षीच्या पहिल्या दोन महिन्यांत भारतात सुमारे १,१०० कर्ज-ॲप उपलब्ध होती आणि त्यांतील ६०० बेकायदेशीर होती. गरजू कोण हे ओळखणारी यंत्रणा साबण विकणाऱ्याला जशी उपयोगी, तशीच सावकारालाही.

मुलांचे काय? टाळेबंदीच्या काळात शाळा फोनात आली. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने त्या काळात सरकारांनी शिफारस केलेली जगभरातील दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲप व संकेतस्थळे तपासली आणि २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यांपैकी ८९ टक्के साधनांतील माहिती गोळा करण्याच्या पद्धती मुलांच्या हक्कांना धोका पोचवणाऱ्या आढळल्या. आपण सर्वांनी वापरलेल्या 'दीक्षा' ॲपमध्ये मुलाचा नेमका ठावठिकाणा टिपण्याची क्षमता होती, असेही त्यात नोंदवले आहे. आम्ही शिक्षकांनीच ते ॲप घरोघरी उतरवून घ्यायला सांगितले होते. त्या वेळी हे विचारायचे आम्हाला सुचले नाही.

कायद्याची बाजू अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलांचा मागोवा घेणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. मुलांविषयीची कर्तव्ये मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली. तरतूद चांगलीच आहे. पण वडिलांच्या फोनावर, वडिलांच्या नावाच्या खात्यात मुलगी काही पाहत असेल, तर ती मुलगी आहे हे कंपनीने ओळखायचे कसे? ओळखण्यासाठी पुन्हा तिच्यावर अधिकच पाळत ठेवायची? याचे उत्तर आम्हाला कायद्यात सापडले नाही.

तोवर वर्गात करण्यासारखे काही आहे. दोन फोन घ्यावेत. एकावर एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर फवारणी पंप पाहावेत, दुसऱ्यावर पाहू नयेत. मग दोन दिवस दोन्हींवर तीच चार पाने उघडून दिसणाऱ्या जाहिराती मुलांनी वहीत टिपाव्यात. त्यानंतर पहिल्या फोनातील कुकीज पुसाव्यात आणि सेटिंग्जमध्ये 'गूगल' खाली 'ॲड्स' किंवा 'जाहिराती' येथे जाऊन जाहिरातींचा क्रमांक काढून टाकावा. फोनाच्या बनावटीप्रमाणे ही जागा थोडी इकडेतिकडे असते. क्रमांक काढला, की ॲपना त्या जागी नुसती शून्ये दिसतात. पुन्हा दोन दिवस नोंदी कराव्यात. शोध घेताना त्याच खात्यात प्रवेश केलेला राहिला, तर पंप परत येतील. तेही मुलांना दिसू द्यावे. सामाईक फोनासाठी ब्राउझरमधील 'इनकॉग्निटो' खिडकीही उपयोगी पडते. ती आपल्याला अदृश्य करत नाही, संकेतस्थळाला आपण दिसतोच; पण खिडकी बंद केली की त्या वेळच्या चिठ्ठ्या फेकल्या जातात आणि मागे येत नाहीत.

बाईंनी हा प्रयोग पालकसभेतच करून दाखवला. त्या मुलीचे वडीलही आले होते. त्यांनी फोन पुढे केला, क्रमांक काढून घेतला, कुकीज पुसून घेतल्या आणि एकच शंका विचारली, "मंग सोयाबीनचा भाव दिसन ना बाई?"

भाव दिसला. त्याखाली कोणत्याशा सिमेंटची जाहिरात होती.