आकडा वाढला म्हणून डोस वाढवू नका

"साखर साडेतीनशे आली, म्हणून दोन युनिट जास्त टोचलं." मधुमेही मांजर सांभाळणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता राग आवरत नाही. काळजीपोटीच केलेलं असतं, हे कळतं. पण मांजरीचा इन्सुलिनचा डोस बहुधा एका युनिटापासून, दिवसातून दोनदा, असा सुरू होतो. त्यात दोन मिळवले की डोस थेट तिप्पट!

तो साडेतीनशेचा आकडा कुठून आला, ते पाहा. साकोलीची मांजर पिशवीत घालून, शंभरेक किलोमीटर महामार्गाने नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. वाटभर ट्रकचे हॉर्न, तिथे कुत्र्यांचं भुंकणं, मग धरून ठेवून सुई. घाबरलेल्या मांजरीचं यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. एरवी ७० ते १५० मध्ये असणारी निरोगी मांजरही अशा वेळी तीनशेच्या घरात जाऊ शकते. आकड्यातली भीती किती आणि आजार किती, हे एका सुईने कसं कळणार?

घरीही एकच मोजणी फसवते. इन्सुलिन दिल्यावर साखर उतरत जाते, काही तासांनी तळ गाठते आणि पुन्हा चढते. पुढचं इंजेक्शन द्यायच्या वेळी मोजलं, तर आकडा मोठा दिसणारच. डॉक्टरांना तळ पाहायचा असतो. त्यासाठी बारा तास, दर दोन तासांनी, कानाच्या कडेच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं आणि वहीत वेळेसह लिहायचं. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हा तळ ८० ते १५० असावा असं म्हटलंय. तळ शंभरावर असताना सकाळचे तीनशे पाहून डोस वाढवला, तर दुपारी मांजर लटपटते, थरथरते, तिला झटके येतात. तेव्हा हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा. शुद्ध हरपलेल्या मांजरीच्या तोंडात काही ओतू नका.

चढलेल्या साखरेवर मांजर काही दिवस तग धरते, उतरलेल्या साखरेने काही तासांत जाऊ शकते. मात्र साखर जास्त आहे आणि मांजर खात नाही, ओकते आहे, तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

"सिरिंज कोणतीही चालते": नाही. लाल टोपीची ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची १०० च्या. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने घेतलं, तर अडीचपट डोस जातो.

"माणसांचं ग्लुकोमीटर अगदी बरोबर दाखवतं": मांजरीच्या रक्तात ते बहुधा कमी दाखवतं. तेच वापरायचं तर दर वेळी एकच यंत्र ठेवा आणि ते माणसांचं आहे, हे डॉक्टरांना सांगा.

"दूध-भाताने काय होतं?" आपला साकोलीकडचा भाग धानाचा, म्हणून मांजरीच्या ताटलीतही भातच. पण मांजर मांसाहारी प्राणी आहे. भाताची साखर तिला झेपत नाही. भात बंद करून मासळी-कोंबडी सुरू करायची, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते, आणि जुनाच डोस मग जास्त ठरतो.

"एकदा लागलं की जन्मभर": लवकर उपचार झालेल्या काही मांजरींचं इन्सुलिन सुटतं. म्हणून साखर आटोक्यात आली तरी मोजणं चालूच ठेवा. आणि सकाळी मांजरीने ताटलीला तोंड लावलं नाही, तर सिरिंज भरण्याआधी डॉक्टरांना फोन करा.