जमिनीचा मोबदला आणि गावाचे देणे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

प्रकल्पासाठी सरकार जमीन घेऊ लागले, की दोन हिशेब सुरू होतात. पहिला खातेदाराचा : गुंठ्याला काय भाव मिळणार? दुसरा गावाचा : एवढा मोठा प्रकल्प आपल्या शिवारातून चालला आहे, तर गावाच्या पदरात काय पडणार? पहिल्या हिशेबाला कायदा आहे, सूत्र आहे, दाद मागण्याची जागा आहे. दुसरा हिशेब बहुतेक वेळा तोंडीच राहतो. तलासरी आणि डहाणू तालुक्यांच्या निमित्ताने आज मी या दुसऱ्या हिशेबाबद्दल बोलणार आहे.

या भागावर प्रकल्पांची गर्दी आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन 14 सप्टेंबर 2017 रोजी झाले. मार्ग 508 किलोमीटरचा, स्थानके 12. गाडी डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जाणार. स्थानक मात्र दोन्ही तालुक्यांत नाही. बोईसर सोडले, की पुढचे स्थानक गुजरातमधले वापी. त्याच्या जोडीला मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आहे, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग आहे. डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाले.

लोकांचे म्हणणे काय? तीन सूर ऐकू येतात. पहिला : जमीन द्यायचीच नाही. यामागे इतिहास आहे. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे मे 1945 मध्ये वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्याचे नेते. पुढे कूळकायदा आला, वनहक्काचे पट्टे आले. आजोबांनी झगडून मिळवलेली जमीन नातवाला एका नोटिशीवर सोडावीशी वाटत नाही, यात नवल नाही. दुसरा सूर : देतो, पण भाव योग्य हवा. तिसरा सूर 2018 मध्ये बुलेट ट्रेनच्या वाटाघाटींत स्पष्ट झाला. पालघर जिल्ह्यातील गावकऱ्यांनी पैशांखेरीज तळी, रस्त्यावरचे दिवे, रुग्णवाहिका, डॉक्टर अशा मागण्या मांडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. या मागण्यांना काहीजण हसले. मला त्या अतिशय शहाणपणाच्या वाटतात. मोबदल्याचा पैसा एका घरात येतो आणि संपतोही. तळ्याचे पाणी सगळा पाडा वापरतो, ज्याच्या नावावर गुंठाही नाही तोसुद्धा.

आता कायदा पाहू. 1894 चा भूसंपादन कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून 2013 चा नवा कायदा लागू झाला. ग्रामीण भागात बाजारभावाला 1 ते 2 या दरम्यानच्या गुणकाने गुणायचे आणि येणाऱ्या रकमेइतकीच दिलासा रक्कम वर द्यायची, असे त्याचे सूत्र. गुणक 2 असेल, तर एक लाखाच्या जमिनीचे चार लाख होतात. झाडे, विहीर, घर यांचा हिशेब वेगळा. शिवाय अनुसूचित क्षेत्रात, आणि हे दोन्ही तालुके त्यात येतात, जमीन शक्यतो घेऊ नये. अगदीच निरुपाय असेल, तर ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी, असे कलम 41 सांगते. ज्यांची उपजीविका जंगलावर किंवा पाण्यावर चालते, अशा कुटुंबांनाही कायदा बाधित मानतो. म्हणजे सातबारा नसला, तरी मच्छीमाराला त्यात जागा आहे.

पण खाचखळगेही आहेत. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे यांसारखे 13 कायदे चौथ्या अनुसूचीत ठेवले आहेत. मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी 1 जानेवारी 2015 पासून त्यांनाही लागू झाल्या, मात्र सामाजिक परिणामांच्या तपासणीची सक्ती त्यांना नाही. दुसरी गोष्ट गावाच्या हिशेबाची. रस्ते, पाणी, शाळा, आरोग्य केंद्र अशा 25 सुविधांची यादी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. परंतु ती, लोक उठवून जिथे नेले, त्या नव्या वसाहतीसाठी. ज्या गावाची घरे जागेवर राहिली आणि शेताची फक्त एक पट्टी गेली, त्या गावाला ही यादी उपयोगी पडत नाही. रेल्वे आणि महामार्ग तर पट्टीच घेतात!

मग कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे काय, असे कुणी विचारेल. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. पण हा पैसा नफ्यातून येतो. प्रकल्प उभा राहत असतानाची धूळ, फुटलेले रस्ते, आटलेल्या विहिरी या नफ्याची वाट पाहत नाहीत. आणि कोणते काम करायचे, हे कंपनीचे संचालक ठरवतात, ग्रामसभा नव्हे.

इंग्लंडमध्ये 1990 च्या नगररचना कायद्याच्या कलम 106 खाली बांधकामाची परवानगी देताना विकासकाशी करार होतो : शाळेसाठी इतके, रस्त्यासाठी इतके. करार जमिनीला चिकटतो. जमीन विकली, तरी घेणाऱ्यावर तो बंधनकारक राहतो आणि न्यायालयातून अमलात आणता येतो.

पण धडा घ्यायला इंग्लंडला जायचीही गरज नाही. डहाणूचा औष्णिक वीजप्रकल्प 1995 मध्ये सुरू झाला. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा विषय वर्षानुवर्षे रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले होते. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. प्राधिकरणाने 1999 मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला, तरी काम हलेना. शेवटी 2005 मध्ये 300 कोटी रुपयांची बँक हमी मागितली गेली आणि 2007 मध्ये यंत्रणा चालू झाली. नुसती अट आठ-दहा वर्षे कागदावर राहिली. अटीमागे पैसा अडकला, तेव्हा दोन वर्षांत काम झाले.

प्राधिकरणाच्या पाठीशी न्यायालयाचा आदेश होता, ग्रामसभेच्या पाठीशी तेवढे बळ नाही, हे मला मान्य आहे. पण तिच्या हातात संमती आहे, आणि ती एकदाच देता येते. म्हणून माझे सांगणे इतकेच, की ठरावात 'गावाचा विकास करावा' असे मोघम वाक्य लिहू नये. काम कोणते, जागा कुठली, रक्कम किती, मुदत कोणती, जबाबदार अधिकारी कोण आणि काम न झाल्यास कोणती हमी वटवायची, हे सारे त्यात यावे. ठराव वारली बोलीत वाचून दाखवावा, पाड्यापाड्यातल्या बायकांसमोर वाचावा, कारण पाणी त्याच भरतात. ठरावाची शिक्क्यानिशी पोच घ्यावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक गावाकडे ठेवावी. जमिनीचा ताबा जाण्यापूर्वी हे झाले पाहिजे. ताबा गेल्यावर गावाकडे मागण्यासारखे पुष्कळ असते, अडवून धरण्यासारखे फारसे काही उरत नाही.