मथळ्यातलं प्रश्नचिन्ह

कवितेच्या निमित्तानं शाळांमधून बोलावणं येतं, तेव्हा हल्ली मी मुलांपुढे एखादी बातमीही ठेवतो. शब्दांना रंग चढवणं हा आम्हा कवींचाच जुना धंदा. त्यामुळे दुसऱ्यानं केलेली रंगरंगोटी आम्हाला चटकन दिसते.

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी क्यूबातल्या हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकेची युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. क्यूबावर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. स्फोट कशानं झाला, कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या, हर्स्ट यांच्या ‘जर्नल’नं छापलं, की हे शत्रूचं कृत्य! वर गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीस. पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’नं त्याच दिवशी विचारलं, स्फोट बॉम्बनं की टॉर्पेडोनं? पीत पत्रकारिता हा शब्द या दोन पत्रांच्या चढाओढीतूनच रूढ झाला होता.

हे मथळे मी फळ्यावर लिहितो आणि विचारतो, यातला सभ्य कोणता? मुलं दुसऱ्याकडे बोट दाखवतात. त्यात प्रश्नचिन्ह आहे ना! मग मी म्हणतो, जहाजाच्या पोटातच आग लागली असेल तर? ती शक्यता कुठे आहे? वर्ग गप्प होतो. विचारल्यासारखं करून उत्तर गळी उतरवायची ही युक्ती टीव्हीच्या पट्टीवर आजही दिसते.

१९७६ साली अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासानं नेमकी तीच शक्यता अधिक मानली. कोळशाच्या कोठारातली आग शेजारच्या दारूगोळ्यापर्यंत पोचली असावी. अमेरिका-स्पेन युद्ध होऊन तोवर ७८ वर्षं झाली होती. (ते युद्ध निव्वळ वर्तमानपत्रांनी पेटवलं, हे विधानही मला तितकंच भडक वाटतं.)

आता मथळाही लागत नाही, कात्री पुरते. २०१८ साली मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्यांची एक चित्रफीत मोबाइलवर फिरत होती. मूळ फीत कराचीतली, बालसुरक्षेच्या प्रचाराची. तिच्यात ते मुलाला परत आणून सोडतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता. अशाच अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं ती.

हे ऐकून एका मुलीनं विचारलं, “सर, शेवट कापलाय हे बघणाऱ्याला कळणार कसं?” तेव्हापासून आम्ही वर्गात फीत मध्येच थांबवतो. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाड्यांचे नंबर कुठले? गावाचं नाव, तारीख कुणी सांगितली आहे का? आणि ही पाठवणाऱ्याला कुणी पाठवली?