बेताच्या किंमतींतील ओबो

सनई ज्यानें ऐकली आहे त्याला ओबो हें वाद्य सर्वस्वी परकें वाटणार नाहीं. दोहोंच्या तोंडाशीं दुहेरी पत्ती असते, दोहोंची नळी वरून खालीं रुंद होत जाते, आणि दोहोंचा सूर इतर वाद्यांच्या गर्दींत लपत नाहीं. सतराव्या शतकांत फ्रान्स देशांत, सनईच्याच कुळांतील शॉम नांवाच्या वाद्याला दिवाणखान्यांत शोभेल असें सौम्य रूप देण्यांत आलें, तोच हा ओबो. पुढील दोन शतकांत त्यावर एकामागून एक चाव्या चढत गेल्या. आणि पॅरिस येथील वादक जॉर्ज जिले व लोरे यांचा कारखाना यांनीं १९०६ सालीं जी रचना सिद्ध केली, तीच थोड्याफार फेरफारांनिशीं आज बहुतेक देशांत प्रचलित आहे. सनईवादक आपला सूर ओठांनीं व बोटांनीं घडवितो. ओबोवादकाला तो पुष्कळसा यंत्ररचनेच्या स्वाधीन करावा लागतो. म्हणून ओबो विकत घेणें हें बांसरी निवडण्यापेक्षां घड्याळ निवडण्यासारखें आहे.

इंग्लंडांत, जेथें हें वाद्य शाळाशाळांतून शिकविलें जातें, विद्यार्थ्याचा पहिला ओबो बहुधा शाळेकडून अथवा भाड्यानें मिळालेला असतो. तो साधा व थोड्या चाव्यांचा असतो. आणि आरंभीं तसाच असलेला बरा. परंतु असोसिएटेड बोर्डाच्या आठ श्रेणींपैकीं पांचवी वा सहावी परीक्षा उतरण्याच्या सुमारास विद्यार्थ्याचा कान वाद्याच्या पुढें जातो. खालचे सूर हळुवार लागत नाहींत, वरचे सूर चढतात, जलद पलट्यांत बोटें अडखळतात. विद्यार्थी हा सर्व दोष आपलाच समजतो, ओठ अधिकाधिक आवळूं लागतो, आणि ती खोड पुढें वर्षानुवर्षें सुटत नाहीं. इकडे नामांकित कारखान्याच्या नव्या, व्यावसायिक वादकांच्या ओबोला कित्येक लाख रुपये पडतात हें ऐकून घरच्या माणसांचा धीर खचतो. या दोन अडचणींच्या मधून वाट काढावयाची असते.

प्रथम, कोणत्या चाव्यांवांचून चालणार नाहीं तें ठरवावें. एफ हा स्वर उजव्या हाताच्या अनामिकेनें चावी दाबून निघतो. परंतु त्याच्या आधीं किंवा नंतर डी आला, तर तेंच बोट भोंकावर हवें असतें व तें घसरवावें लागतें. यावर तोड म्हणून मधलें बोट उचलून तोच एफ दुसऱ्या तऱ्हेनें काढतात. पण तो दबका निघतो. डाव्या हाताच्या करंगळीखालीं एफची निराळी चावी असली म्हणजे ही सारी कसरत वांचते. प्रगत विद्यार्थ्यानें ही चावी नसलेला ओबो, तो कितीही स्वस्त असला तरी, घेऊं नये. तीच गोष्ट सर्वांत खालच्या बी फ्लॅटच्या चावीची. कित्येक आरंभींच्या वाद्यांत ती नसते, आणि वाद्यवृंदांत तिच्यावांचून अडतें. उलट, अतिउच्च स्वरांसाठीं असणारी तिसरी सप्तक-चावी ही सोय आहे, गरज नव्हे. इंग्लंडांत अंगठापट्टीची एक जुनी रीतही अद्याप चालूं आहे. शिक्षक ज्या रीतीनें शिकवितात ती विचारूनच वाद्य पाहावें. दोन्ही रीतींच्या चाव्या असलेलीं वाद्यें तेथें मिळतात.

आतां लांकडाविषयीं. उत्तम ओबो ग्रेनाडिला नांवाच्या लांकडाचा करतात. हें झाड टांझानिया, मोझांबिक इत्यादि प्रदेशांत होतें व तें आपल्या शिसवाचेंच भाऊबंद आहे. लांकूड दिसावयास देखणें खरें. परंतु वाजवितांना नळी आंतून ऊन व ओलसर होते, बाहेरून थंड व कोरडी राहते, आणि आंतील फुगवट्यानें वरच्या भागास भेग पडते. कृत्रिम राळेच्या ओबोला ही भीति नाहीं. असला ओबो म्हणजे गरिबाचा ओबो, असा एक समज रूढ आहे, आणि तो पुष्कळ पैसा व्यर्थ घालवितो. सुराचें बरेवाईटपण मुख्यतः आंतील पोकळीच्या मापावर, भोंकांच्या कडांवर, पत्तीवर आणि श्वासावर अवलंबून असतें. वरचा भाग कृत्रिम व खालचा लांकडी अशीही तडजोड कांहीं कारागीर करतात, व ती शहाणपणाची आहे. मुंबई-गोव्याकडे, जेथें पावसाळ्याची ओल आणि वातानुकूलित दालनाची कोरडी हवा एकाच दिवशीं वाद्याला सोसावी लागते, तेथें तर राळेचाच ओबो पत्करावा.

नवा कीं वापरलेला, हा पुढचा प्रश्न. कारखान्याचें नांव नसलेले, अत्यल्प किंमतीचे नवे ओबो आंतरजालावर हवे तितके मिळतात. त्यांच्या चाव्यांची धातु मऊ असते. आज बसविलेली चावी महिन्याभरांत वांकते, आणि कित्येक दुरुस्तीकार तर अशा वाद्यास हात लावीत नाहींत. तितक्याच पैशांत चांगल्या कारखान्याचें जुनें वाद्य वर्षभर भाड्यानें आणणें अधिक फायद्याचें. व्यावसायिक वादक कांहीं वर्षांनीं वाद्य बदलतात. तीं वाद्यें आणि मध्यम प्रतीचे वापरलेले ओबो यांतच बेताच्या पैशाचें सोनें होतें. भेग दिसली म्हणून लगेच पाठ फिरवूं नये. नीट खिळे घालून बुजविलेली जुनी भेग किंमत उतरविते, सूर उतरवीतच असें नाहीं. मात्र ती भोंकांमधून गेलेली असल्यास सोडून द्यावें.

पारखतांना आपल्या नेहमींच्या दोन-तीन पत्त्या बरोबर न्याव्या. नवी पत्ती नव्या वाद्यावर लावली, तर दोष कोणाचा तें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. प्रथम वरचा भाग सुटा करून, खालचें तोंड व सर्व भोंकें बोटांनीं झांकून, वरून हवा ओढावी. ती ओढ कांहीं क्षण टिकली पाहिजे. लगेच सुटली, तर गाद्या गळत आहेत असें समजावें. गाद्या बदलतां येतात, पण तो खर्च किंमतींतून वजा करून घ्यावा. मग सावकाश सरगम वाजवावी. सूरमापकाच्या कांट्याकडे दुसऱ्यानें पाहावें, वाजविणाऱ्यानें पाहूं नये. कारण कांटा दिसला कीं ओठ आपोआप चूक सांवरतात, आणि वाद्याची लबाडी झांकून जाते. एखादाच सूर चढला तर तो कारागिराकडून सुधारतो. दोन सप्तकें एकमेकांशीं न जुळणें हा नळीचाच दोष असून त्यावर इलाज नाहीं. शेवटीं शिक्षकांना तेंच वाद्य वाजवावयास सांगून विद्यार्थ्यानें दालनाच्या दुसऱ्या टोंकास जाऊन ऐकावें. कित्येक दुकानदार आठ-पंधरा दिवस वाद्य घरीं पारखावयास देतात. न दिल्यास तें दुकान सोडावें.

इंग्लंडांत सरकारी शाळेंतील विद्यार्थ्याला शाळेमार्फत नवें वाद्य घेतल्यास शेंकडा वीसचा मूल्यवर्धित कर माफ होण्याची सोय आहे. ती पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. सगळी पुंजी मात्र वाद्यांतच घालूं नये. हातीं केलेली पत्ती रोजच्या वापरांत दोन-तीन आठवड्यांत थकते, आणि वर्षांतून एकदां तरी चाव्या नीट जुळवून घ्याव्या लागतात. हा खर्च आधींच बाजूस काढून जें उरेल तीच वाद्याची खरी किंमत धरावी.

लांकडी ओबो नवा घेतलाच, तर पहिल्या आठवड्यांत दिवसाकांठीं दहा-पंधरा मिनिटांपलीकडे तो वाजवूं नये. पुढें थोडथोडा वेळ वाढवावा. थंडींत वाजविण्यापूर्वीं वरचा भाग हातांत धरून बाहेरून ऊबदार करावा, थंड नळींत ऊन श्वास एकदम सोडूं नये. वाजवून झाल्यावर दर वेळीं रेशमी फडकें नळींतून ओढून आंतील ओल टिपावी, आणि मगच वाद्य पेटींत ठेवावें.