विश्लेषण : फिगर स्केटिंगचे तारे इतक्या लवकर का मावळतात?

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंग आवर्जून पाहिले जाते. तरीही त्यातील बहुतेक विजेत्यांची नावे सामान्य प्रेक्षक पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत विसरलेला असतो. असे का होते?

खेळाडू वर्षभर दिसतात का?

क्रिकेटपटू किंवा फुटबॉलपटू लीगमुळे सतत डोळ्यांसमोर राहतात. स्केटिंगची जागतिक स्पर्धा दरवर्षी होते, पण मोठा प्रेक्षकवर्ग जमतो तो चार वर्षांनी, ऑलिम्पिकलाच.

वयाचा संबंध काय?

अमेरिकेची तारा लिपिन्स्की १९९८ मध्ये पंधराव्या वर्षी विजेती ठरली आणि पुन्हा ऑलिम्पिकमध्ये उतरली नाही. रशियाच्या अलिना झगितोवानेही २०१८ मध्ये पंधराव्या वर्षीच सुवर्ण जिंकले. डिसेंबर २०१९ मध्ये तिने स्पर्धा थांबवल्या. शरीर जितके लहान आणि सडपातळ, तितके ते हवेत वेगाने फिरते. वाढत्या वयात उंची आणि वजन बदलले की तीच उडी अवघड होते. म्हणजे नाव होईपर्यंत कारकीर्द उताराला लागलेली असते. २०२२ मध्ये पंधरा वर्षांच्या कमिला वालिएवाचे उत्तेजक प्रकरण गाजले. त्याच वर्षी वरिष्ठ गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय झाला.

गुणांचे गणित आड येते का?

पूर्वी सहापैकी सहा म्हणजे सर्वोत्तम, हे कोणालाही कळे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधील पंचांच्या वादानंतर ती पद्धत गेली. आता प्रत्येक उडीचे मूळ गुण ठरलेले असतात, त्यात सफाईनुसार वाढ किंवा घट होते. पद्धत अधिक काटेकोर झाली, पण कोण का जिंकले हे घरबसल्या समजणे कठीण झाले.

मग अपवाद कोण?

नॉर्वेची सोन्या हेनी १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदके जिंकून हॉलिवूडची नायिका झाली. दक्षिण कोरियात २०१८ ची ऑलिम्पिक ज्योत पेटवण्याचा मान २०१० ची विजेती किम युना हिला मिळाला. जपानचा युझुरू हान्यू २०१४ आणि २०१८ मध्ये जिंकला, २०२२ मध्ये स्पर्धेतून बाहेर पडला. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने टोकियो डोममध्ये एकट्याच्या बळावर कार्यक्रम केला.

यातून काय दिसते?

हेनी आणि हान्यू एकाहून अधिक ऑलिम्पिक गाजवू शकले, किमच्या मागे तिचा देश उभा राहिला. एका पदकानंतर विशीच्या आतच थांबणाऱ्या मुलींना मात्र प्रेक्षकांशी नाते जोडायला तेवढा वेळच मिळत नाही. वाढीव वयोमर्यादेमुळे मुलींची कारकीर्द लांबली, तर कदाचित त्यांची नावेही टिकतील.